माजघरात न मावणारी पन्नासची लेन्स

आण्णा, मी आज तुमच्यावर चिडून लिहायला बसलेय, तेव्हा आधी गोडगोड चार ओळी लिहिणार नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्या एका वाक्यापायी अजून माझं डोकं उठतं. "लेन्स येकच घ्यायची, पन्नास मिलिमीटरची. बाकी पायानं मागंफुडं हुयाचं." रहिमतपुरातल्या तुमच्या स्टुडिओत ते चालत होतं, तिथं मागं सरकायला ऐसपैस जागा होती. आपल्या माजघरात दोन पावलं मागं गेलं की पाठीला भिंत लागते. पायानं कुठं जाऊ, भिंतीत?

आणि मी तरी कसली शहाणी! गेल्या दिवाळीआधी कॅमेरा घेतला तेव्हा त्यावर पन्नासचीच घेतली. सांगलीच्या दुकानदारानं परोपरीनं सांगितलं, की ताई, या कॅमेऱ्यातला सेन्सर जुन्या रिळापेक्षा लहान आहे, त्यावर पन्नासच्या फोटोत आणखी कमी मावतं, आकडा लहान तेवढं जास्त मावतं, घरातल्या घरात काढायचे तर चोवीसची घ्या. मी त्यालाच सुनावलं, माझ्या वडिलांनी अख्ख्या तालुक्याचे फोटो काढलेत म्हणून. त्या बिचाऱ्यानं पन्नासचीच बांधून दिली. पाडव्याला भिंतीला पाठ घासून घासून माझ्या पदराला चुना लागला, आणि फोटोत आले दादा, वहिनी आणि काकांचा एक कान. आई तर कुठल्याच फोटोत नाही. माझ्या घरी परत आल्यावर तो कॅमेरा मी जो पिशवीत कोंबला तो कितीतरी महिने बाहेर काढला नाही.

पण मला खरा राग त्या पाडव्याचा नाही. दादा पहिल्यांदा फौजेत निघाला त्या सकाळचा आहे. गावातला कुणीही पोरगा ड्युटीवर निघाला की त्याच्या घरी जाऊन तुम्ही फोटो काढायचात, रजा संपली की घरोघरून आधी तुम्हालाच बोलावणं यायचं. त्या दिवशी पाळी आपल्या घराची होती. दादा नव्या बुटांत मधे ताठ बसलेला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजोबा, दोन्ही काका, मागं चुलतभाऊ, मी दादाच्या पायाशी. तुम्ही कॅमेरा स्टँडवर लावला, डोळा लावून बघितलंत आणि आईला म्हणालात, "तू जरा सरक, बसत न्हाईस." आई सरकली. सरकली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दादाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरायला लागली. मग तुम्ही टायमर लावलात आणि लगालगा येऊन दादाशेजारी, जिथनं ती उठली होती तिथं, टेकलात. तुम्ही बसलात, आण्णा! तुम्हाला जागा झाली! ज्या बाईनं त्याला नऊ महिने पोटात वागवलं तिलाच तेवढी जागा नव्हती.

आणि कपाटात पस्तीसची लेन्स होती. हे मला ठाऊक आहे, कारण त्याआधीच, बारावीच्या सुट्टीत, मी ती एकदा चढवून बघितली होती आणि त्यावरून तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझी बिनपाण्यानं केली होतीत. कडेची माणसं फुगतात, तोंडं ओढल्यागत दिसतात, लोक फोटो आणून टेबलावर आपटतील, असलं काय काय बोललात आणि कपाटाला कुलूप लावलंत. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, कडेची माणसं थोडी ओढलेली दिसतात. मग स्वतः बसायचं होतंत कडेला! गाल फुगले असते तर काय बिघडलं असतं?

आता दादाचा पोरगाही फौजेत आहे. मागच्या आठवड्यात त्याची रजा संपत आली तेव्हा आईचा फोन आला. तुमची बायको जन्मात कुणाकडं काही मागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "ह्या बारीला फोटूत मला बी घे. फुडल्या रजेला मी आसंन नसंन." मी दुसऱ्याच दिवशी त्या सांगलीच्या दुकानात गेले, मान खाली घालून पन्नास परत दिली आणि चोवीसची घेतली. माझ्या कॅमेऱ्यावर तिच्यात जवळपास तुमच्या पस्तीसइतकंच मावतं. झूम लेन्स उजेड कमी घेते, माजघरातल्या अंधाराला ती उपयोगाची नाही आणि फ्लॅश मारला की आईचे डोळे मिटतात, म्हणून झूम नसलेली एकच प्राइम लेन्स, आणि ती घराच्या मापाची. रहिमतपूरला गेल्या गेल्या मी आईला ती मोठ्या तोऱ्यात दाखवली. म्हटलं, आता तू मावशील.

आईनं हातातलं निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मावत तर मी तवाबी व्हते. कुनी बोलीवलं न्हाई."

त्या रात्री मी तुम्हाला मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणजे तीस वर्षं मी लेन्सला शिव्या देत बसले आणि तुम्ही आरामात सुटलात, असं मला झालं. हा राग तुम्हाला तुमच्या फोटोसमोर उभं राहून वाचून दाखवायचा, म्हणून आज हा कागद घेतला.

पण पुढचंही सांगायला हवं. सकाळी सगळे माजघरात बसले. चोवीसमध्ये सगळे आले, वर दोन्ही कडांना जागा उरली. उजेड बरा होता, पोराची एसटी यायची होती, मी खुशीत होते. बटण दाबलं. तेव्हा तो पोरगा म्हणाला, "आत्या, आज्जी कुठाय?" ती आत त्याचा डबा भरत होती. मी तिला हाक मारलीच नव्हती.

मग बोलावलं. पदराला हात पुसत ती आली, नातवाला खेटून बसली, दुसरा फोटो फार सुरेख आला. तो आता तिच्या उशाशी आहे. पहिला मी कुणाला दाखवला नाही, आणि हा कागदही तुमच्यासमोर वाचणार नाही.