अंबाडी, जवस आणि पाच शब्द

३ सप्टेंबर २००६, अमरावती
फोडणीत लसूण करपला नि झुबेदा आठवली. कॉन्व्हेंटात शिवणाच्या तासाला बाकाखाली दोघी जवसाची चटणी खायचो. वासानं सिस्टर खिडक्या उघडत, आम्ही निमूट टाके घालत. ते लख्ख आठवतं. काल दूध उतू गेलं, गॅस मीच लावला होता म्हणे. मला तर...

५ सप्टें.
डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, जरा वेळानं विचारले. दोनच आले. बाहेर आल्यावर हे म्हणतात, "मलाही दोनच आले." खोटारडे! पाचही यांनी डायरीत टिपलेत.
पोटाची तक्रार सांगितली. म्हणाल्या, पालेभाज्या, डाळी, जवस, हळद खा. त्यातल्या घटकांवर पोटातले चांगले जीवाणू पोसतात, पोटाचा नि मेंदूचा संबंध असतो. खात्री नाही देत. वयाचं विसरणं की आजार, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

९ सप्टें.
अंबाडीसाठी दर्यापूरला भाऊजींना फोन. "वैनी, कोन लावते आता? वावरात पार धुऱ्याच्या बांधापर्यंत सोयाबीन हाय. अन् त्याचंबी काही खरं नाही." तरी संध्याकाळच्या एसटीनं जुडी नि बियांची पुडी आली, कोणाच्या परसातली देव जाणे. कण्या घालून भाजी केली. हे दोनदा वाढून घेतात, पथ्य माझं!

२० ऑक्टो.
पोट हलकं. पाचही शब्द पाठ: आंबा, घड्याळ, पूल, चिमणी, तांब्या. अकोल्याला झुबेदाला फोनवर म्हणून दाखवले.
"येडे, इम्तिहान हाय का तो? डॉक्टर नवे शब्द देईन नं!"
हसून हसून ठसका.

४ डिसें.
नवेच शब्द. तीन आले. मधेच मी 'चिमणी' म्हणाले, बाई हसल्या. पोट सुधारलंय म्हणाल्या. डोक्याचं एवढ्यात सांगता येत नाही, सहा महिन्यांनी या.

५ डिसें.
आज आठवतंय तोवर लिहिते.
भाऊजींनी पाठवलेलं अंबाडीचं बी अर्धं त्यांनाच परत, धुऱ्यावर एक ओळ तरी लावा. अर्धं झुबेदाला, तिच्या अंगणात ऊन आहे. हळदकुंडांची बरणी सूनबाईला. खलबत्ताही तिलाच, मिक्सरची चटणी मला चालत नाही.
ही वही यांना. जेवून उठल्यावर "मी जेवले का?" विचारलं, तर हसू नका. खरं सांगा, नि वाटीभर ताक द्या.