आखाजीला काँक्रीट भिजत होतं

जळगाव, ता. ३ मे १९९१

ती. अक्कास,
अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

अधिक महिन्यामुळे यंदा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, लांबली, तरी माझी सुटका झाली नाही. नानांचं पितृछत्र गेल्यानंतरची तुझी ही पहिली आखाजी. तुला माहेरी भडगावला न्यायला मुराळी म्हणून मीच यायला हवं, आणि मलाच निघता येईलसं दिसत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही लष्करासाठी काँक्रीटचे जाड ठोकळे ओतले आहेत. जमिनीखालचे बंकर फोडणारे बॉम्ब निघालेत ना, तसला छोटा पोलादी भाला तोफेतून या ठोकळ्यांवर मारून बघणार आहेत. मागचा साधा ठोकळा त्याने आरपार फोडला. या वेळी आम्ही पाणी कमी घातलं, पोलादाच्या तारा मिसळल्या. पण काँक्रीट भिजतं ठेवलं तरच घट्ट होतं, आणि इथल्या उन्हात वर टाकलेलं ओलं गोणपाट बघता बघता कोरडं पडतं. मागे सणाला सगळे गावी गेलो आणि परत येऊन बघतो तर ठोकळ्यांना तडे. आता सोबतीचा हबीबही आईच्या आजारपणात अडकला आहे.

फेब्रुवारीत आखाती युद्धात बगदादला बॉम्बने आसऱ्याचं काँक्रीटचं छत फुटलं, आत बायका-मुलं होती. ते वाचल्यापासून हे काम टाकवत नाही. तरी तू म्हणशील तर निघतो.

सर्वांस नमस्कार. राग धरू नये.
तुझा, अभिमन

धुळे, ता. ९ मे १९९१

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग रागावले, मग ह्यांना वाचायला दिलं. मुराळ्याशिवाय निघणारी बाई म्हणजे तिचं माहेर तुटलं, असं समोरच्या मंजुळाबाई ऐकवून गेल्या. सासूबाईंनी मात्र माझी बाजू घेतली, म्हणाल्या, "भाऊ नही उना तं काय जयं? माहेर तुनंच शे."

मी एस.टी.ने एकटी जाते. तू जागचा हलू नकोस. खरं सांगू, तू बॉम्बच करतोस असं मी इतके दिवस समजत होते आणि चारचौघांत तुझं नाव काढायला लाजत होते. आता ऊर भरून आला आहे. उन्हात डोक्याला उपरणं बांध, उगाच साहेबी करू नकोस.

जपून राहावे, हेच मागणे.
तुझी, अक्का

जळगाव, ता. १८ जून १९९१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

भाला ठोकळ्यात अर्ध्यावरच अडकला! मागची बाजू जशीच्या तशी. लष्कराचे बॉम्बवाले साहेब कितीतरी वेळ ठोकळ्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, काँक्रीट असं कणखर झालं तर बॉम्ब लांब आणि जड करावा लागेल, पण विमान वजन उचलून उचलून किती उचलणार?

तरी ते जड करतीलच, हे मनातून जात नाही. आणि तू एकटी एस.टी.त बसलीस, तेही जात नाही. आखाजीचा झोका माझ्याविना कोणी बांधला?

माया असू दे.
अभिमन

धुळे, ता. २४ जून १९९१

चि. अभिमन यास आशीर्वाद.

झोका माहेरी शेजारच्या उखर्डूकाकांनी बांधला. खोटं कशाला लिहू, झोक्यावर बसले आणि तुझी फार आठवण आली. आईनेही डोळे पुसले.

ते जड करतील तर करू देत. तू आणखी घट्ट कर. शिकलास कशाला मग?

काल मंजुळाबाईंनी भर गल्लीत विचारलं, की तुझा भाऊ आलाच नाही ना शेवटी. मी म्हटलं, नाही आला. कुठल्या तरी बहिणींच्या डोक्यावरचं छत तो भिजवत होता.

अशीच खुशाली कळवत जावी.
तुझी, अक्का