‘दोघांनी वाचले’ असं लिहिलेला लेख

नाना, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुम्ही गावभर दाखवलेल्या माझ्या पहिल्या लेखात एक वाक्य खोटं आहे. ‘प्रत्येक अभ्यास दोघांनी स्वतंत्रपणे वाचून निवडला,’ असं मी लिहिलं होतं. वाचले मी एकटीने. तो पद्धतशीर आढावा होता. एका औषधावर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, कोणते घेतले, कोणते गाळले आणि का, हे सांगायचं. दोघांनी वाचायचं ते एकाची चूक दुसऱ्याला दिसावी म्हणून. सहकाऱ्याला वेळ नव्हता, आणि तसं लिहायची पद्धतच पडली होती.

हे काम खरं तर मी तुमच्याकडून शिकले. भडगावला आपल्या केळीवर करपा आला, तेव्हा एका नव्या फवारणीचं फार कौतुक होतं. मी तिघांना विचारून आले, तिघेही खूश. तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, “ज्याना बाग वाचना तो पारवर सांगस. ज्याना गया तो घरमा बठस. त्याले इचारं का?” मग आपण बागा गेलेल्यांच्या घरी निघालो. दुखवट्याला निघालोत असं वाटून शेजारच्या काकांनी हटकलं, “नाना, कोना दारवर बसाले निंघनात?” तुम्ही म्हणालात, “तुना घर बी येसू.” तीच फवारणी करून बाग गेलेले दोघे निघाले. आपण फवारलं, पण तिच्या भरवशावर राहिलो नाही. करपलेली पानं कापत राहिलो.

आता धुळ्याला कॉलेजात दर आठवड्याला असा एखादा आढावा माझ्या टेबलावर येतो. लिहिणारे वाढले, काय गाळलं ते सांगणारे तितके वाढले नाहीत. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, दुसरा वाचक म्हणून तुमचं नाव टाकू?” मी म्हटलं, “आधी मला वाचू दे.” ती हसून म्हणाली, “तुमच्या पहिल्या पेपरला कोण होतं?” मी म्हटलं, “कोणी नाही.”

मग तिला सोबत घेऊन मी जुने सगळे अभ्यास पुन्हा वाचले. औषधाचा उपयोग न दिसलेले दोन मी चुकून गाळले होते. आज सकाळी मासिकाला तसं कळवलं. लेख कदाचित मागे घेतील. घेऊ देत, कळवलं ते बरोबरच आहे. हे पत्र मात्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: ती पिशवी घेऊन गावात फिरायला तुम्ही असतात तर मी कळवलं नसतं.