जेवढी सावली, तेवढी मुळं

प्रिय बाब्या,

हे पत्र तुझ्या हातात देताना पोस्टमननं चष्म्यावरून बघितलं असेल. पाठवणारीचं घर आणि घेणाऱ्याचं घर यांच्यात पाच फुटांची बोळ, आणि वर सरकारी तिकीट! बघू दे. दोन वर्षं आपण त्या बोळीतून नुसते खाकरतो. त्यापेक्षा टपालखातं बरं, निदान शब्द तरी पोचवतं.

आधी बातम्या. माझ्या बालवाडीची पोरं आता चिंचेखाली बसत नाहीत, माझ्या स्वयंपाकघरात बसतात. काल जुबैदानं एक हात गुळाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या हातानं पाटी गिरवली. चिंच शेंड्यापासून निम्मी वाळली आहे. तुझ्या कचेरीची नोटीसही आली : झाड धोकादायक, मालकिणीने स्वखर्चाने तोडून घ्यावे. खाली ओव्हरशियर म्हणून तुझी सही. अक्षर छान आहे हो. मीच तर गिरवून घेतलं होतं, त्याच चिंचेखाली.

बाबा गेले तेव्हा लेकींना वाटा देणारा कायदा नुकताच आला होता. गावातले भाऊ वकिलांचे उंबरे झिजवत होते, कायद्यात कुठे फट सापडते का ते बघायला. तू मात्र स्वतःहून मोजणीची दोरी धरलीस आणि जागेचा उगवतीकडचा अर्धा भाग, घर आणि चिंचेसकट, माझ्या नावे केलास. बायका पोरांना सांगायच्या, भाऊ असावा तर बाबारावसारखा. मीही सांगायचे. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला असं सांगायला मिळालं की ती जरा जास्तच सांगते.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर साहेबाच्या बंगल्यापुढचा वड तू वाचवलास, ते आठवतं? नाली थेट वडाखालून जायची होती. तू नकाशा बदलून ती वळवलीस. त्या रात्री माझ्याकडे जेवताना ताटातली भाकरी बोटानं दाखवत म्हणालास, "ताई, ही सावली समज. जेवढी सावली, तेवढी मुळं. तिच्या आत कुदळ पडली की झाड उभं दिसतं, पण मेलं समज." मला इतका अभिमान वाटला की मी तुला ती भाकरी खाऊच दिली नाही, दुसरी गरम वाढली.

मग तुझ्या घराचा नकाशा झाला. शेजारीण म्हणून माझी संमती हवी होती. कागदावर चिंच म्हणजे रुपयाएवढं वर्तुळ, माझ्या हद्दीत नीट बसवलेलं, आणि तुझी भिंत त्याच्यापासून पाच फुटांवर. मी विचारलं, "आणि मुळं रे?" तू हसून म्हणालास, "ताई, तुझ्या चिंचेला मी बोट लावीन का?" मी सही केली. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाही तिची सावली तुझ्या अर्ध्या जागेवर पडायची, हे मी रोज बघत होते. पण माणसाचा शब्द मिळाल्यावर सावली कोण मोजतं?

आणि मग तुला एकाएकी माझ्या पाप-पुण्याची काळजी लागली. मोटारीची तिकिटं काढून मला आणि तुझ्या बायकोला, नलूला, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला पाठवलंस. "दोन दिवस राहूनच या, घाई नको." देवळाच्या त्या खोल पायऱ्या उतरताना नलूनं माझा हात घट्ट धरला होता. तिला ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. तुझ्या घराला काही विघ्न येऊ नये, असं मी देवाला सांगून आले. परतले तेव्हा तुझ्या घराचा पाया दगडांनी भरून वर आला होता. तू प्रसाद दोन्ही हातांनी घेतलास, कपाळाला लावलास.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, सायकलदुरुस्तीवाल्या गफ्फारच्या अंगणात. त्याच्या बायकोनं, कमरुन्निसानं, जळतण वाळत घातलं होतं. बिचारी आभार मानू लागली. "खुदा भला करे तुमच्या भावाचं, बाई. मनगटाएवढी मुळं, दोन बैलबंड्या भरून, साऱ्या मोहल्ल्यात वाटली. चिंचेची आग लय कडक असते." मी एक तुकडा उचलला. ओला होता.

नलूला चिंचेतल्या भुताची भीती वाटते, हे तिनंच मला नंतर सांगितलं. निदान ती भुताला तरी भ्यायली. तू कुणाला भ्यायलास? मला? मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं, आपण भांडलो असतो, तुला चार टोमणे बसले असते, आणि भांडून दमल्यावर कदाचित मी चिंच दिलीही असती.

आता पत्राचं कारण. परवा झाडं तोडणारा उकंडा कुऱ्हाड घेऊन आला. तोडण्याआधी हळदकुंकू, नारळ, आणि झाडापुढे उभं राहून माफी, ही त्याची रीत. म्हणाला, "म्हना बाई : मीनं तुले मारलं, मले माफ कर. थे म्हनल्याबिगर मी घाव घालत नाई." मी हात जोडले, तोंड उघडलं, आणि ते वाक्य काही निघेना. "कायले थांबल्या बाई? ऊन चढून राह्यलं." मी म्हटलं, "उकंडा, हे वाक्य माझं नाही." त्यानं एकदा तुझ्या भिंतीकडे बघितलं आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो गेला. गुरुवारी सकाळी परत येतो म्हणाला. मृग तोंडावर आलाय. वारा तुझ्याकडून सुटतो, आणि तुझ्या बाजूनं तिला धरणारं आता काही उरलेलं नाही. पडली तर माझ्याच छपरावर पडेल, हे ओव्हरशियरला सांगायला नको. तरी मी दुसऱ्याचं वाक्य बोलणार नाही. माझी माफी मागू नकोस, मी काहीतरी खोचक बोलेन आणि तू परत जाशील. चिंच काही बोलणार नाही. नारळ आणून ठेवलाय. बोळीतलं दार गुरुवारी उघडं असेल.

तुझीच (हा शब्द एकदा खोडला होता, परत लिहिला),
भामाताई