देवाने बाहेर काढलेल्यांची मोजणी

आये,

तुझ्या घावण्यांच्या गाड्याच्या जागेवरून यंदा नगरपालिकेत सुनावणी झाली आणि ती आपण जिंकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लांबण लावलेले तुला कधी खपले नाही. मी पाठशाळेतून सुट्टीत घरी आलो की बस स्टँडसमोर तुझ्या शेजारी बाकड्यावर बसून कोणतीही गोष्ट मंगलाचरणापासून सुरू करायचो, आणि तू तव्यावर पीठ सोडता सोडता म्हणायचीस, "झिला, गिऱ्हायक खावन गेला. आता तरी मुद्द्यार ये."

तर मुद्दा. तुझ्यामागे गाडा धाकटी चालवते. तिचे घर त्याच तव्यावर उभे आहे, मुलीचे नर्सिंगचे शिक्षणसुद्धा. जागा तीच, फक्त समोर आता पर्यटकांच्या मोटारी लागतात. तुझ्या वेळी पालिकेची गाडी आली की तू सोडून सगळे पळायचे. तू उलट चुलीतला जाळ वाढवायचीस. शिपाई बिडाचा तवा उचलायला वाकला की अगदी शांतपणे, "व्हरा हो, व्हरा. तापलेलो आसा तेवढो बघा." मग तवा निवेपर्यंत थांबणे आले, थांबणाऱ्यापुढे काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि घावणा येणे आले, आणि ते खाल्ल्यावर कुणाला तवा उचलवत नसे. हे सगळे कायद्यात बसते का, असे मी एकदा विचारले. तू कालथा माझ्यावर रोखलास. "कायदो तुझ्या पोथयेत बघ. माका गिऱ्हायकां आसत."

आता खरोखरच कायदा आहे, आये. शहरात रस्त्यावर विकणाऱ्यांची मोजणी करायची, त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र द्यायचे, आणि हे सगळे पुरे होईपर्यंत कुणालाही जागेवरून हलवायचे नाही. सामान उचललेच तर त्याची यादी हातात द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी परत. शिवाय पालिकेच्या समितीत गाडेवाल्यांचे स्वतःचे प्रतिनिधी बसतात, त्यांत बायकासुद्धा. तू असतीस तर अध्यक्षांना आधी नाश्ता केलात का म्हणून विचारले असतेस. मी तो कायदा दोनदा वाचला. पाठशाळेत, शिकताना आणि पुढे शिकवतानाही, एकेका ओळीवर चार दिवस वाद चालायचा, त्यामानाने हा फार सोपा निघाला. बहुधा लिहिणाऱ्यांना भाष्यकारांची भीती नसावी.

घोळ झाला तो मोजणीत. ती नेमकी आपल्या गावपळणीत आली. देवाचा कौल झाला आणि अख्खा गाव रिवाजाप्रमाणे घरे बंद करून वेशीबाहेर माळावर जाऊन राहिला: माणसे, गुरे, कोंबड्या, धाकटीचा बोका. तिसऱ्या दिवशी परत फिरण्याचा कौल मागितला, तो देवाने दिला नाही. आम्हालाही घाई नव्हती. झोपड्यांतून भजने रंगली होती आणि माझा आवाज, तू मानणार नाहीस, पण बरा लागला होता. माळावरून शहर तसे जवळच. निदान सकाळपुरता गाडा लावून ये, असे मी धाकटीला सुचवले.

"दादा, देवान सुट्टी दिली आणि तू माका कामार धाडतंस?" ती म्हणाली. "तू मास्तरच रवलंस."

त्याच दिवसांत मोजणीवाले स्टँडसमोर येऊन गेले. तिथले सगळे गाडेवाले आपल्याच गावचे, त्यामुळे त्यांना रिकामा रस्ता दिसला. "या ठिकाणी विक्रेते आढळले नाहीत," असा शेरा पडला, आणि त्याच्या पाठोपाठ नोटीस आली: वाहनतळासाठी जागा सोडा. धाकटी त्या रात्री जेवली नाही. तव्याची कड ती नुसतीच पुसत बसली.

सुनावणीला बसलेले साहेब तरुण, सभ्य, घाटावरचे. बदली होईपर्यंत घाट उतरून कधी खाली आले नव्हते. धाकटी घरून शुद्ध मराठी पाठ करून आली होती.

"मोजणीच्या वेळी आपण कुठे होता?"

"साहेब, आम्ही गावाबाहेर होतो."

"सगळेच?"

"सगळेच. गाव रिकामा ठेवायचा असतो."

"कुणाच्या आदेशाने?"

"देवाच्या."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "लेखी आहे काही?"

इथे पाठ केलेली भाषा संपली. "लेखी खंयसून हाडू, सायबा? देव सांगता, आमी आयकतंव. थंय बसान माझ्या आयेन पोट भरल्यान, आज आमी भरतंव, ह्या खरां की नाय?" बोलता बोलता तिचा सूर चढला आणि देवळात गाऱ्हाणे घालतात तसा लागला. त्याबरोबर मागच्या बाकांवरचे समस्त गाडेवाले सवयीने एका आवाजात गरजले, "व्हय म्हाराजा!"

साहेब दचकले. "मी महाराज नाही," ते म्हणाले. "कृपा करून बसा."

मग मी उठलो. संस्कृत बोलणार नाही असे भाचीला वचन दिले होते, ते पाळले. म्हटले, "साहेब, माणसे मोजायची होती, मोजला गेला तो मोकळा रस्ता. अशा मोजणीला पुरी म्हणता येत नाही, आणि ती पुरी झाल्याशिवाय कुणाला हलवता येत नाही." साहेबांनी कायद्याचे पान शोधून वाचले, पुन्हा वाचले, आणि शेजारच्या कारकुनाकडे वळले. "गावपळणीचं तुम्ही मोजणीआधी सांगायला नको होतं?"

"कोण सांगतलो, सायबा?" कारकून खाली बघत म्हणाला. "माझोय गाव तोच. मीय झोपडेत होतंय. रजेर."

साहेब हसले, आणि तिथेच सुनावणी संपली असे मी धरतो. नोटीस मागे घेतली, नवी मोजणी लावली. उठताना त्यांनी मला विचारले, पुढची गावपळण आगाऊ कळवता येईल का? म्हटले, आम्हालाच आगाऊ कळत नाही.

गेल्या आठवड्यात प्रमाणपत्र आले, फोटोसकट, धाकटीच्या नावाचे. आजवर स्टँडवर कुणीही विचारले तर ती "आयेचो गाडो" असेच सांगायची, आणि जुनी गिऱ्हाइके खाऊन झाल्यावर, "बरो आसा, पण आयेच्या हाताची चव नाय गो," असे म्हणून जायची. ती हसून पुढचा घावणा घालायची. परवा मात्र एका नव्या माणसाने विचारले, गाडा कुणाचा, तर म्हणाली, "माझो."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुझ्याकडे पोस्टमन जात नाही, म्हणून निर्धास्तपणे लिहितो. तिचा घावणा तुझ्याहून पातळ होतो, आणि हवी ती जाळीही जास्त पडते. बरीच वर्षे मला हे ठाऊक आहे. तिला अजून सांगितलेले नाही.