घर रिनाच्या नावानं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

वारलू घरमालक सकाळीच दारात. हातात फॉर्म — भाडेकरूचा, पोलिसात द्यायचा! फोटो पाहिजे, आधारची झेरॉक्स पाहिजे, आधीचा पत्ता पाहिजे, पतीचं नाव पाहिजे. म्हटलं, "भाऊ, दोन टाइम काय जेवतो तेही लिवून देऊ का?" तो म्हणे, "मायबाई, मले काय शौक आहे? कायदा आहे."

खरं आहे. त्याचा काय दोष! पण आधी मूल गावच्या खोलीतही असाच फॉर्म भरला होता. कोणीतरी त्याचा फोटो काढून कोणाले तरी पाठवला, अन् आठ दिवसांत रिनाचा नवरा चंदन दारात उभा. रिनाच्या कपाळावरची खूण तेव्हाची.

रिना माझी नात. तिची आई गेली तेव्हापासून माझ्याजवळच वाढली. चार वर्षं घुग्घुसले चंदनच्या घरी नांदली, मार खाल्ला, मागच्या श्रावणात एका पिशवीनिशी निघाली. मीही लेकाचं घर सोडून तिच्यासंगं निघाली. म्हातारी सोबत असली की बाई पळालेली दिसत नाई, देवाले निघालेली दिसते!

वकीलबाई म्हणाली होती, जे होईल ते तारीख घालून लिहून ठेवा. मले अक्षर येत नाई. मी बोलते, रिना लिहिते. माझं बोलणं ती थोडं धुऊन लिहिते, असा मले संशय आहे.

६ फेब्रुवारी

ठरलं. घर घ्यायचं. स्वतःच्या घराले घरमालक नाई, म्हणजे फॉर्मही नाई — किती भोळी मी!

माझं शेत कोळशाच्या खाणीत गेलं त्याचा पैसा बँकेत पडून आहे. इथीच पोंभुर्ण्यात देवराव नावाचा म्हातारा दोन खोल्या विकून लेकाकडे चालला. छपरावर कवेलू आहेत, अंगणात बोरिंग आहे, रिनाच्या शिलाई मशीनले उजेड आहे.

म्हटलं, "देवरावभाऊ, आधी तुमचे कागद दाखवा. आधारही." तो भडकला. "अख्खं गाव ओळखते मले!" "गाव ओळखते, मी कुठी ओळखते? उद्या दुसराच म्हातारा आला अन् म्हणाला देवराव मीच, तर?" रागारागानं त्यानं पेटी उलटी केली. रिनानं एक-एक कागद तीनदा वाचला.

दुसऱ्याचा कागद मागताना आपल्याले काही लाज वाटत नाई, हे आजच समजलं.

१० फेब्रुवारी

वामनराव खरेदीखत लिहून देतात. कचेरीजवळ त्यांचं दुकान — कॉम्प्युटर, झेरॉक्स, फोटो, सगळं तिथीच. आमची झेरॉक्स एक तिरपी निघाली, त्यांनी ती टोपल्यात फेकली. मी वाकून काढून घेतली. "आजी, रद्दी आहे ते." "रद्दी नाई बापू, नात आहे माझी."

बाहेर निघून भजे घेतले. भज्याच्या कागदावर एका बाईचं आधार! फोटोतल्या गालाले तेल लागलेलं. नाव, गाव, सगळं. तो कागद घरी आणून चुलीत घातला. भजे मात्र खाल्ले.

वकीलबाईले फोन केला. ती म्हणे, खरेदीची नोंद कॉम्प्युटरवर राहते, नाव टाकून कोणीही शोधू शकते. चांगलंच आहे म्हणे, त्यानं फसवणूक होत नाई. मग म्हणाली, रिनाचं नाव टाकलं तर चंदनलेही सापडेल. आजी, तुमच्या नावानं घ्या. तुम्हाले कोण शोधते?

कोणीच नाई. तेही खरं.

११ फेब्रुवारी

भाजी खारट झाली. दोघींनीही तशीच खाल्ली.

१४ फेब्रुवारी

लटारूचा फोन. माझा मोठा लेक. बँकेतून कोणी सांगितलं कोण जाणे! "आई, घर तुझ्याच नावानं घे. पोरीले काऊन गुंतवते त्यात?" आवाज असा, जसा खडीसाखर टाकून चहा. सहा महिन्यांत त्यानं मले एकदा विचारलं नाई, आई, जेवली का?

माझ्या नावानं घेतलं तर मी असेपर्यंत रिना लपलेली. मी गेली की दुसऱ्या दिवशी लटारू कुलूप घेऊन उभा. रिनाच्या नावानं घेतलं तर घर तिचं — अन् चंदनले पत्ता. एकीकडे वाघ, एकीकडे माझाच लेक. वाघ तरी लाडानं बोलत नाई.

"हे नको लिवू," म्हटलं रिनाले. ती म्हणे, "लिहिलं."

१७ फेब्रुवारी

रिना चिमण्या पोरांचे शाळेचे ड्रेस शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, माझंच नाव लाव."

"तो येईल."

"मूलले घर नाई घेतलं तरी आला."

तिच्या बोलण्यात काही चुकीचं सापडेना. दिवसभर शोधलं.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस जळो!

वामनरावांच्या दुकानात रिनाचं आधार कॉम्प्युटरवर टाकलं. ओळख पटवायची, म्हणे ओटीपी येईल. मशीनवर बसलेल्या पोरीनं बटन दाबलं. रिनाचा मोबाईल हातात — वाजेना! पाच मिनिटं गेली. ती पोरगी म्हणे, "गेला आहे मॅसेज. शेवटचे आकडे चार-चार-सात-एक." रिनाचं तोंड पांढरं पडलं. "हा चंदनचा नंबर आहे."

लग्नानंतर आधारवरचं नाव बदलाले त्यानंच नेलं होतं. नंबर आपला टाकला. तिले तेव्हा मोबाईल कुठी होता! कार्डावर फोटो तिचा, बोटं तिची, अन् घंटी वाजते त्याच्या खिशात.

"परत बोलाव तो मॅसेज," मी म्हटलं. वामनराव म्हणाले, "गेलेला परत येत नाई, आजी." "त्यात काय लिवलं आहे?" ते खाली पाहून म्हणाले, "आकडा. अन् आमच्या सेवा केंद्राचं नाव, पोंभुर्णा."

मी त्यांच्यावर खूप ओरडली. खरं म्हणजे विचाराचं आम्हीच विसरलो होतो.

२० फेब्रुवारी

रस्त्यावर मोटरसायकल वाजली की रिनाची मशीन थांबते. आज किती वेळा थांबली, मोजणं सोडलं.

राहून राहून विहीण आठवते, चंदनची आई बायनाबाई. तो रिनाले मारायचा तेव्हा ही रांधणखोलीत भांडे आदळत बसायची — शेजारी आवाज जाऊ नये म्हणून! वाईट नाई तिचं तोंड. वाईट तिचे भांडे.

२४ फेब्रुवारी

चंद्रपूरले गेलो, आधारचा नंबर बदलाले. मोठी लाइन. खिडकीतला माणूस प्रत्येकाचं नाव, गाव, जन्मतारीख ओरडून वाचते. रिनाची पाळी आली तेव्हा म्हटलं, "बापू, हळू बोल. लगन लावून राह्यला का?" लोक हसले. तोही हसला, अन् हळू बोलला. इतकंच पाहिजे होतं. इतकं मागाले म्हातारी व्हावं लागते!

बोटं घेतली, डोळे घेतले. नवा नंबर लागाले काही दिवस लागतील.

चंदनचा पत्ता नाई. तो आला नाई, याचंही भेव वाटते.

५ मार्च

नंबर बदलला. आज खरेदी झाली. साहेबानं देवरावले विचारलं, राजीखुशीनं देता का? रिनाले विचारलं, तुम्हीच का? "मीच," म्हणाली. इतक्या जोरानं, की मागचे लोक पाहाले लागले. फोटो काढला. त्यात डोळे मोठ्ठे आले आहेत.

मी साहेबाले म्हटलं, आता वाचून दाखवा. ते म्हणे, "आजी, तुम्ही तर यात नाईच." बरोबर. कागदात मी कुठीच नाई. तरी सगळं ऐकून घेतलं.

९ मार्च, रविवार

नवीन घरात आलो. दूध उतू घातलं. कोणाले बोलावलं नाई. बोलावाचं म्हणजे सांगाचं.

रिना दोनदा दार उघडून बाहेर जाऊन आली. म्हटलं, काय पाहते? "काही नाई. आपलं घर बाहेरून."

मग चौकापर्यंत कोणाची तरी मोटरसायकल आली अन् ती आत पळाली.

१२ मार्च

दुपारी दार वाजलं. मी उघडलं. विहीण!

एकटी. पायात चप्पल नाई. एक डोळा सुजून बंद. तिले पाहून शिव्या तोंडात तयार होत्या, त्या तिथीच राह्यल्या.

म्हणे, "तो रातपाळीवरून येऊन झोपला होता. मॅसेज मीच पाह्यला. दोन अक्षरं येतात मले. पोंभुर्णा वाचलं अन् मिटवून टाकलं." म्हणे, "रिना गेली तेव्हापासून माझ्यावरच हात चालते त्याचा." चौकात विचारत आली, बाहेरगावच्या आजी-नात कुठी राहतात. चहावाल्यानं लगेच सांगितलं!

"एका कोपऱ्यात राहीन. मी इथी आहो हे कुठी लिवू नका."

"आधार कार्ड आहे का?" मी विचारलं. काय सुचलं मले, कोण जाणे.

रिना मशीनवरून उठून आली. तिनं त्या डोळ्याकडे पाह्यलं, मग अनवाणी पायांकडे. मले वाटलं, आता हाकलते.

"मोबाईल आणला का संगं?"

"नाई. घरीच ठेवला."

रिनानं तिले आत घेतलं अन् कडी लावली.