वेगळी चूल

आई,

आज रविवार, तरी पाय दुखताहेत. आठवडाभर चाकणच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी पिंपळे गुरवच्या विहारात बसून पिशव्या भरायच्या, असं तीन महिने चाललंय. तांदूळ, डाळ, तेल, साबण, एक चादर. तिकडे ईशान्येकडच्या एका राज्यात दोन समाज एकमेकांवर उठले, गावं जळाली, आणि इथे हॉटेलांत, पार्लरमध्ये कामाला असलेल्या मुलींकडे त्यांचे आईबाप, भावंडं, लेकरं येऊन पडली. देश आपलाच, पण घरमालक त्यांना परदेशी असल्यासारखे कागद मागतात. एकेका खोलीत आठ-आठ जण. सुरुवातीला मदतीला कॉलनी लोटली होती. आता फोटो काढणारे गेले, पिशव्या भरणाऱ्या आम्ही तिघी उरलो. खरं सांगू का, मला कंटाळा आलाय. लोकांच्या दुःखाचाही कंटाळा येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

यादी माझी. स्टोअरची सवय जात नाही. नोंद नसलेली वस्तू हातातून सुटत नाही. एका खोलीला एक पिशवी, सही, पुढचा. मागच्या महिन्यात एक म्हातारी टेबलापाशी आली. तिच्या मुलीने त्या खोलीची पिशवी आधीच नेली होती. मी म्हटलं, "मावशी, आपके रूम का हो गया." तिने छातीवर हात ठेवला आणि तुटक हिंदीत म्हणाली, "मेरा चूल्हा अलग." मी पेन खाली न ठेवताच विचारलं, "चूल्हा है कहाँ?" शेजारची बाई हसली. मीही हसले असेन. म्हातारी जिना उतरून गेली आणि मी पुढचं नाव पुकारलं.

वही मिटताना हात थांबला. तालुक्याच्या शाळेतला तो व्हरांडा आठवला. आपली वस्ती पेटवून दिल्यावर आपण तिथे होतो. मी नऊ वर्षांची, तुझा पदर धरून उभी. टेबलावरचा कारकून धान्य लिहून देतोय आणि त्याने आपल्याला थोरल्या चुलत्यांच्या नावाखाली घातलंय. तू म्हणतेस, "साहेब, आमची चूल येगळी हाय." तो वरही बघत नाही. "कुठंय चूल? दाखव की." रांगेतले लोक हसतात. आपली चूल घरासकट राख झालेली, तू काय दाखवणार होतीस?

नंतर दापोडीला धाकट्या काकांच्या खोलीत आलो. काकू चांगली होती, दोन वेळा पोटभर वाढायची. पण तू कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागलीस आणि पहिल्या पगाराला वातीचा स्टोव्ह घेऊन आलीस. त्याच खोलीत, मोरीजवळच्या कोपऱ्यात मांडलास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "एवढ्याशा खोलीत दोन स्वयंपाक कशाला? काकू काय म्हणेल?" तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "कुणाच्यात जेवतेस गं, असं कुणी इचारलं तर काय सांगशील?" मग पिठलं केलंस आणि काकूला म्हणालीस, "वयनी, आज आमच्यात जेवा." आमच्यात म्हणजे चार पावलांवर. काकू उठली, पदर सावरला आणि पाहुणीसारखी येऊन बसली. तिचा तो शहाणपणा मला कळायला फार वर्षं गेली.

ती म्हातारी येऊन गेली त्याच्या पुढच्या रविवारी मी एका बर्नरची छोटी शेगडी, सिलिंडर आणि दुसरी पिशवी घेऊन सांगवीला तिच्या खोलीवर गेले. मुलगी ओशाळली. "आंटी, हमारे पास गॅस है. माँ फालतू ज़िद करती है." तिचं तोंड बघून मला माझंच तोंड दिसलं. म्हातारीने शेगडी खिडकीखाली ठेवली, सरकवली, पुन्हा सरकवली. काळा चहा केला. पहिला कप मला मिळेल असं मला वाटलं होतं. तिने तो मुलीला दिला. मुलगी बसल्या जागेवरून उठली, शेगडीसमोर येऊन बसली आणि दोन्ही हातांनी कप घेतला. मला रडू आलं. चहा गरम होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्यांना सांगितलं.

यादीत आता त्या खोलीसमोर दोन चुली लिहिल्या आहेत. बाकीच्या खोल्यांतही विचारायला हवं. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, पहाटेची बस गाठायची आहे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच जिने चढायचे आहेत. जाईन.

हे पत्र तुझ्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, वहीतच राहू दे. भाऊ दर दिवाळीला विचारतो, आईचा स्टोव्ह तुझ्याकडेच आहे ना? मी म्हणते, माळ्यावर आहे. माळ्यावर नाही, आई. नवीन फ्लॅटमध्ये येताना रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. तू भेटलीस तर आधी तेच विचारशील, चूल कुठंय म्हणून.